सरावात वाघ, १७-१७ ला शेळी: मेंटल कोचने खरंच फरक पडतो का?

कोपऱ्यातली_खुर्ची (धागालेखक)
३ मार्च, रात्री १०:४०

माझ्याकडे एक सोळा वर्षांची मुलगी बॅडमिंटन शिकते. सरावात मोठ्या मुलांनाही कोर्टभर पळवते. ड्रॉप, क्रॉस स्मॅश, नेटजवळची कलाकुसर, सगळं हातात आहे. पण स्पर्धेत तिसऱ्या गेमला १७-१७ झालं की हीच मुलगी शॉर्ट सर्व्ह नेटमध्ये घालते. एखाद्या वेळी झालं असतं तर सोडून दिलं असतं, पण सलग तीन स्पर्धांत हेच झालं आहे.

मी काय केलं? सर्व्हचा सराव दुप्पट केला. रोज १०० सर्व्ह, मनगट कसं, रॅकेटचा कोन कसा, बोटांची पकड किती सैल, प्रत्येक सर्व्हला टोकून. सरावात १०० पैकी ९० च्या वर बरोबर जातात. परवा हरल्यावर म्हणाली, "सर, तो हात माझा नव्हताच."

आता आईवडील म्हणतात, मेंटल कोच लावू. माझा विरोध नाही, पण विश्वासही नाही. 'तुला जमेल, घाबरू नकोस' हे मी फुकटात सांगतोच की. तो आणखी वेगळं काय सांगणार? कुणाला अनुभव आहे का?

थर्डमॅन
३ मार्च, रात्री ११:०५

मी थर्डमॅनला उभा राहतो कारण तिकडे कॅच कमी येतात. माझ्यावरही काही उपाय असेल तर कळवा. तोवर वाचतोय.

बाराबंदी
४ मार्च, सकाळी ६:२०

स्पष्ट बोलतो, राग नसावा. हे सगळं नवं फॅड आहे. आम्ही कॅरम खेळायचो, राणी घेताना हात थरथरला तर उस्ताद मागून एक शब्द हाणायचे आणि हात जाग्यावर यायचा. खेळ पक्का असला की मन आपसूक पक्कं होतं. मुलीला आणखी पन्नास सामने खेळू द्या, सगळं ठीक होईल. गप्पा मारायला माणूस कशाला ठेवायचा?

उंबरठा
४ मार्च, दुपारी १:१५

मी खेळाडूंसोबत काम करते, म्हणून दोन गोष्टी.

बाराबंदी, फॅड म्हणा, पण नवं म्हणू नका. सायकलस्वार एकट्यापेक्षा दुसऱ्याच्या जोडीने जोरात का जातो, हे नॉर्मन ट्रिपलेट यांनी १८९८ मध्ये तपासलं होतं. कोलमन ग्रिफिथ यांनी १९२५ मध्ये इलिनॉय विद्यापीठात खेळाडूंच्या मनाचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा काढली. १९३८ मध्ये शिकागो कब्ज या बेसबॉल संघाने त्यांना नेमलं, पण संघाच्या मॅनेजरला ते मुळीच रुचलं नाही. म्हणजे तुमच्या मताची परंपराही तितकीच जुनी आहे :)

आता धागालेखक, तुमच्या विद्यार्थिनीचं. 'हात माझा नव्हता' हे तिने फार नेमकं सांगितलं आहे. जिना उतरताना आपण पायांकडे पाहत नाही. कुणी म्हणालं, नीट बघ, आधी टाच टेकते की चवडा, तर तिसऱ्या पायरीवर अडखळू. पक्क्या झालेल्या कौशल्याचं तसंच असतं. रॉय बाउमाइस्टर यांनी १९८४ मध्ये प्रयोगांतून हेच मांडलं: दडपण आलं की माणसाचं लक्ष स्वतःकडे वळतं, आपली हालचाल तो तपासायला लागतो आणि जे आपोआप होत होतं तेच बिघडतं. शॉर्ट सर्व्ह हे तर बोटांचं नाजूक काम.

थोडं कडू वाटेल, पण रोजच्या १०० सर्व्हला तुम्ही मनगट, कोन, पकड असं जे टोकलंत, त्या सगळ्या सूचना १७-१७ ला तिच्या डोक्यात एकदम बोलायला लागतात.

कोपऱ्यातली_खुर्ची (धागालेखक)
४ मार्च, रात्री ९:३०

म्हणजे आगीत तेल मीच ओतलं?

दिवसभर हे डोक्यात आहे. चिडलो नाही. खरं सांगायचं तर थोडा चिडलो होतो, मग जेवून शांत झालो.

उंबरठा
४ मार्च, रात्री १०:१०

सगळं तेल तुमचं नाही. दडपणात बिघडण्याची आणखी एक तऱ्हा असते, तिथे उलटं होतं. लक्ष स्वतःकडे न जाता भलतीकडेच जातं: हरले तर काय, बाबा काय म्हणतील, मागच्या वेळीही इथेच चुकले होते. शटलकडे लक्षच उरत नाही. तिचं नेमकं कुठलं, हे तिलाच विचारावं लागेल. आणि हो, चांगल्या मेंटल कोचचा अर्धा वेळ विचारण्यातच जातो, सांगण्यात नाही.

'तुला जमेल' बद्दल. अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये आत्मविश्वास कुठून येतो याचे चार झरे सांगितले. स्वतः पूर्वी केलेलं काम, आपल्यासारख्या दुसऱ्याने केलेलं पाहणं, विश्वासातल्या माणसाचे शब्द आणि शरीराकडून येणारे संकेत. सगळ्यांत जोरदार पहिला. तुमचं 'तुला जमेल' तिसरा. तो झरा खोटा नाही, पण पहिला आटलेला असेल तर तिसऱ्याने घडा भरत नाही. तिच्याकडे १७-१७ ला जिंकल्याचा पुरावा आहे का? सध्या तीन पुरावे आहेत, तिन्ही उलटे.

दहा_पॉइंट_नऊ
५ मार्च, सकाळी ७:४५

नेमबाजाचं मत नोंदवतो. आमच्या खेळात पळणं नाही, घाम नाही, समोर कुणी स्मॅश मारत नाही. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. छातीची धडधड वाढली की ती नळीच्या टोकापर्यंत पोचते. म्हणूनच हृदयाचे ठोके कमी करणारी बीटा ब्लॉकर औषधं नेमबाजीत बंदीच्या यादीत आहेत. जे गोळीने करायची परवानगी नाही, ते श्वासाने करायला शिकावं लागतं.

अभिनव बिंद्राचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धंच देतात. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये तो पात्रता फेरीत तिसरा होता आणि अंतिम फेरीत सातवा आला. नेम एका तासात बिघडत नसतो. पुढच्या चार वर्षांत त्याने तंत्रासोबत मनावरही वेड्यासारखं काम केलं. बीजिंगच्या आधी सुमारे ४० फुटी खांबावर चढून टोकावरच्या छोट्या फळीवर उभा राहिला, भीती अंगात असताना पुढचं पाऊल टाकता येतं का हे पाहायला. २००८ च्या अंतिम फेरीत शेवटची गोळी उरली तेव्हा तो आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन बरोबरीत होते. हॅकिनेन ९.७, बिंद्रा १०.८.

मला त्यातलं आवडतं ते हे की, तो भीती घालवायला खांबावर चढला नव्हता. भीती असताना काम करायला चढला होता. मी स्वतः पाच-सहा वर्षं 'शांत हो, शांत हो' असं स्वतःला बजावत गोळ्या वाया घालवल्या. शांत हो म्हटल्यावर कोण शांत होतं? मग एका प्रशिक्षकाने सांगितलं की धडधड आली की तिला ये म्हण, आणि उच्छ्वास लांबव. आत घ्यायला चार मोजतोस तर सोडायला सहा मोज. बस. धडधड अजूनही येते, पण आता तिच्याशी भांडत नाही.

फुलपाखरू_२००
५ मार्च, रात्री ८:००

पोहणारी आहे (होते). कल्पनाचित्रणाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

बहुतेकांना वाटतं, डोळे मिटून गळ्यात पदक पाहायचं. मीही तेच करायचे. छान झोप लागायची, वेळ मात्र तीच. अमेरिकन जलतरणपटू मायकल फेल्प्सचं वाचल्यावर चूक कळली. २००८ मध्ये बीजिंगला २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत त्याच्या गॉगलमध्ये पाणी शिरलं, शेवटी भिंतही दिसेना. तो हातांचे फटके मोजत गेला, १:५२.०३ अशी विश्वविक्रमी वेळ लावून जिंकला. त्याचे प्रशिक्षक बॉब बोमन त्याला शर्यतीची 'टेप' रोज मनात चालवायला लावायचे, त्यात बिघाडही असायचे.

तेव्हापासून मी मनातल्या शर्यतीत मुद्दाम गोंधळ घालायला लागले. टर्न चुकला, शेजारची पुढे गेली, टोपी निसटली. आणि प्रत्येक वेळी पुढचा फटका कसा, एवढंच पाहायचं. बाहेरून सिनेमासारखं नाही, आतून. पाण्याचा दाब, खांद्यातली जळजळ, सगळं. आणि खऱ्या शर्यतीला लागतो तेवढाच वेळ लावून, घाईने नाही. सुरुवातीला वीस सेकंदांत मन भरकटायचं. हा सुद्धा सरावच आहे, पहिल्या दिवशी जमत नाही.

थर्डमॅन
५ मार्च, रात्री ८:४०

मला वाटलं होतं हलकाफुलका धागा असेल.

माझी भर: मेंटल कोच पॅडी अप्टन. २०११ चा विश्वचषक जिंकला तेव्हा भारतीय संघासोबत, २०२४ च्या पॅरिसमध्ये हॉकीचं कांस्य आलं तेव्हा हॉकी संघासोबत आणि त्याच डिसेंबरात गुकेश जगज्जेता झाला तेव्हा त्याच्यासोबत. क्रिकेट, हॉकी, बुद्धिबळ! या माणसाला उंटाची तिरकी चाल शिकवायची नव्हती, हे तर उघड आहे.

बाराबंदी
६ मार्च, सकाळी ६:०५

अप्टन यायच्या आधी गुकेश काय सापशिडी खेळत होता? सचिन, धोनी, युवराज ज्या संघात आहेत तिथे मीही मेंटल कोच म्हणून चाललो असतो.

आणि ती सिमोन बायल्स? जगातली सर्वोत्तम जिम्नॅस्ट, हवं ते साहाय्य हाताशी, तरी टोकियोत मधेच बाहेर पडली. मग उपयोग काय झाला?

उंबरठा
६ मार्च, दुपारी २:३०

पहिल्या मुद्द्यावर तुम्ही बऱ्याच अंशी बरोबर आहात. मेंटल कोचमुळे कुणी जिंकलं असं म्हणणाऱ्यापासून दूर राहावं. नसलेलं कौशल्य मनातून काढता येत नाही. पण गुकेश सिंगापूरला पांढरी मोहरी घेऊन पहिलाच डाव हरला होता, अठराव्या वर्षी, जगज्जेतेपदाच्या लढतीत. तिसरा डाव जिंकून त्याने लढतीत बरोबरी साधली. पहिल्या आणि तिसऱ्या डावाच्या मधल्या दोन रात्री कशा काढायच्या, हे ओपनिंगच्या पुस्तकात नसतं.

बायल्सबद्दल मात्र ठाम असहमत. २०२१ मध्ये टोकियोत तिने व्हॉल्टवर अडीच गिरक्या घ्यायच्या होत्या, हवेत गेल्यावर दीडच झाल्या. आपण हवेत कुठे आहोत, जमीन कुठे आहे, हेच शरीराला कळेनासं होतं. जिम्नॅस्ट त्याला ट्विस्टीज म्हणतात. अशा वेळी 'हिंमत धर' म्हणणं म्हणजे मान मोडायला पाठवणं. ती थांबली, त्याच स्पर्धेत बीमवर परतून कांस्य घेतलं आणि २०२४ च्या पॅरिसमध्ये तीन सुवर्णं नेली. कुठे थांबायचं हे ओळखता येणं मी कमजोरीत धरत नाही.

यातून एक फरक सांगायलाच हवा. झोप उडणं, जेवण तुटणं, सतत रडू येणं, खेळाच्या नावानेच पोटात गोळा येणं, स्वतःला इजा करायचे विचार, असं काही असेल तर ते मेंटल कोचचं काम नाही. तिथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञच हवा, आणि लगेच. प्रामाणिक कोच स्वतःच पुढे पाठवतो.

बाराबंदी
६ मार्च, संध्याकाळी ७:१०

बायल्सचं माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो.

पण मग प्रामाणिक कोण हे ओळखायचं कसं? सोशल मीडियावर ज्याला बघावं तो माइंडसेट कोच आहे. कोट घालतो, हात हवेत फिरवतो आणि २१ दिवसांत चॅम्पियन बनवतो.

उंबरठा
६ मार्च, रात्री ९:५०

त्या कोटवाल्यांचा मलाही त्रासच आहे.

तुमच्या जागी मी असेन तर आधी विचारेन: तुम्ही शिकलात काय, कुणाच्या देखरेखीखाली काम केलंत? मग: तुम्ही कोर्टवर येणार का? फक्त खोलीत बसून बोलणारा माणूस १७-१७ ला काय होतं ते पाहणारच नाही. तिसरं, मुलगी जे सांगेल ते आईवडिलांना आणि मला सांगणार का? उत्तर 'हो, सगळं सांगेन' आलं तर नमस्कार करून निघा. ती अल्पवयीन आहे, म्हणून तिच्या जिवाला धोका असेल तेव्हा सांगावंच लागतं, आणि हा नियम तिला पहिल्या दिवशी माहीत हवा. बाकी तिचं तिच्यापाशी. आणि निकालाची हमी देणारा, किंवा तुमच्या प्रशिक्षणाला नावं ठेवून सुरुवात करणारा, नकोच.

मागची_सीट
७ मार्च, रात्री १२:२०

इथे पहिल्यांदाच लिहितोय. माझा मुलगा टेनिस खेळायचा. मेंटल कोचकडे आम्ही त्याला नेलं होतं, त्याच्या दुहेरी चुका वाढल्या होत्या म्हणून. तीन भेटींनंतर कोचने मला एकट्याला बोलावलं. मुलाने परवानगी दिली होती तेवढीच एक गोष्ट सांगितली: सामन्यानंतर गाडीत बाबा बोलले नाहीत तर बरं होईल.

मी कधी ओरडलो नव्हतो. मी फक्त विश्लेषण करायचो. दुसऱ्या सेटला तो बॅकहँड का सोडलास, असं. घर येईपर्यंत. मला वाटायचं मी मदत करतोय. त्याला सर्व्ह करताना, म्हणे, गाडीचा दरवाजा लागल्याचा आवाज ऐकू यायचा.

पुढे तो फार मोठा खेळाडू झाला नाही. पण गाडीत पुढच्या सीटवर येऊन बसायला लागला.

फुलपाखरू_२००
७ मार्च, सकाळी ७:००

मागची_सीट, हे लिहिलंत, आभार.

कोपऱ्यातली_खुर्ची (धागालेखक)
७ मार्च, रात्री १०:००

मागची_सीट यांचा प्रतिसाद चार वेळा वाचला.

आज मुलीला नुसतं विचारलं, १७-१७ ला नेमकं काय होतं? ती म्हणाली, "तुम्ही उठून उभे राहता."

मी उठतो हे मलाच माहीत नव्हतं. स्पर्धेचे व्हिडिओ काढून पाहिले. तिन्ही सामन्यांत १६ च्या पुढे मी खुर्चीच्या टोकावर, आणि १७ ला उभा. तोंड असं की घरात चोर शिरलाय.

आम्ही कोच शोधतोय. तोवर मी काय करू शकतो?

दहा_पॉइंट_नऊ
८ मार्च, सकाळी ८:१५

पहिलं: बसा.

दुसरं, सरावातले गेम ०-० पासून कशाला खेळवता? रोज पाच छोटे गेम १७-१७ पासून सुरू करा. हरणाऱ्याला काहीतरी करावं लागेल असं ठेवा, म्हणजे थोडं तरी टोचेल. बाकीच्या मुलांना कडेला बसवून आरडाओरडा करू द्या. सामन्याचं दडपण हुबेहूब आणता येणार नाही, पण १७-१७ हा आकडा तरी तिच्या ओळखीचा होईल. उंबरठा म्हणतात तो पहिला झरा असाच थेंबथेंब भरतो.

उंबरठा
८ मार्च, दुपारी १२:००

+१. त्यात दोन गुणांमधला ठराविक क्रम घाला. लहान हवा, तिने ठरवलेला हवा, आणि ०-० लाही तोच, १७-१७ लाही तोच. उदा. रॅकेटच्या तारांकडे एक नजर, एक लांब उच्छ्वास, मनात एक शब्द, मग सर्व्ह. शब्द मनगटाबद्दल नको. नेटच्या पांढऱ्या पट्टीबद्दल किंवा शटल जिथे पडायला हवं त्या जागेबद्दल असू दे. लक्ष शरीराबाहेर ठेवलं की हात आपलं काम करतो.

क्रम झटपट उरकू देऊ नका. गाइर यॉर्डेट यांनी फुटबॉलमधल्या पेनल्टी शूटआउटचा अभ्यास केला, त्यात शिट्टी वाजताच घाईने किक मारणारे जास्त चुकताना दिसले. नकोशी गोष्ट लवकर संपवावी असं वाटतं ना, तेच. विश्वचषकाचे तीन शूटआउट हरलेल्या इंग्लंडने २०१८ च्या आधी या एका गोष्टीचाही सराव केला आणि कोलंबियाविरुद्ध विश्वचषकातला शूटआउट पहिल्यांदा जिंकले. तेव्हाचे त्यांचे प्रशिक्षक साउथगेट १९९६ च्या युरोत स्वतः पेनल्टी हुकलेले.

वही ठेवायला सांगा. रोज तीन ओळी पुरेत: आज दडपण कधी आलं, मी काय केलं, पुढच्या वेळी काय. जिंकले-हरले लिहायचं नाही. आणि ती वही तुम्ही वाचायची नाही.

थर्डमॅन
८ मार्च, दुपारी १२:३०

मी पण वही घातली. पहिली नोंद: दडपण कधी आलं? कॅप्टनने स्लिपला बोलावलं तेव्हा. मी काय केलं? बुटाची नाडी बांधत बसलो.

कोपऱ्यातली_खुर्ची (धागालेखक)
२१ जुलै, रात्री ९:१५

धागा वर काढतोय, कारण इथे कर्ज आहे.

मेंटल कोच मिळाल्या. आठवड्यातून एकदा, महिन्यातून दोनदा कोर्टवर. पहिले सहा आठवडे काहीही फरक नव्हता, उलट क्रम पाळायच्या नादात मुलगी पहिल्या गेममध्येच गडबडायची. मध्ये एकदा म्हणाली, हे सगळं बंद करू. कोचबाईंनी क्रमातली एक पायरी काढून टाकली, तीन होत्या त्या दोन केल्या. मग बसला.

मी सर्व्हवर बोलणं बंद केलं. हे सगळ्यांत अवघड गेलं. पहिला आठवडा तोंडात पाण्याची बाटली धरून उभा होतो. ११ ला मध्यंतर होतं त्या साठ सेकंदांत पूर्वी मी पाच सूचना द्यायचो, आता एकच देतो, तीही तिने विचारली तर.

परवाच्या स्पर्धेत उपांत्यपूर्व सामना तिसऱ्या गेमला गेला. १७-१७. मी बसलेला. खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरून, पण बसलेला. तिने तारांकडे पाहिलं, श्वास सोडला, सर्व्ह पट्टीला जवळजवळ घासून पलीकडे गेली. पुढे १९-१९ लाही तशीच. हरली १९-२१. समोरच्या मुलीने शेवटचे दोन स्मॅश रेषेवर मारले, त्याला इलाज नाही.

बाहेर आल्यावर मी काहीच बोललो नाही. दहा मिनिटांनी तीच म्हणाली, "सर, आज हात माझाच होता. स्मॅश अडवायचा सराव उद्यापासून करू या?"

मागची_सीट
२१ जुलै, रात्री ९:४०

छान वाटलं.

बाराबंदी
२२ जुलै, सकाळी ६:१०

अभिनंदन, मुलीचं आणि खुर्चीचंही.

एक विचारायचं होतं. नात कॅरमला लागली आहे. राणी घेताना तिचा हात थरथरतो, आणि मी मागून बोलतो. तो दोन पायऱ्यांचा क्रम नक्की कसा बसवला, जरा सविस्तर लिहाल का?

कोपऱ्यातली_खुर्ची (धागालेखक)
२२ जुलै, सकाळी ८:३०

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. आधी तुम्ही खेळताना कुठे बसता ते कळवा.